डोव्हरची चोवीस पत्रं

१

चोरानं सोनं ठेवलं आणि पत्रं नेली, हे हौसाबायनं तीनदा सांगितलं तेव्हा कुठे आनंदा भगतच्या डोक्यात ते शिरलं.

"गल्यातली बोरमाल तशीच हाय. पाटल्या हायत. लुगडी हायत. माज्या शैलेशची पत्रां तेवडी नायत!" ती ओरडत होती. ती नेहमीच ओरडून बोलायची, कारण दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरी होती. आनंदाच्या सुकापूरच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरची दारंसुद्धा उघडली.

आनंदानं पस्तीस वर्षं पनवेलच्या पोस्टात काढली होती. अर्धी सायकलवर डाक वाटत, अर्धी रजिस्टर पत्रांच्या खिडकीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण पाय काही घरात ठरत नव्हते. सकाळी उठून उगाच स्टेशनपर्यंत जायचा, तिथून खाडीच्या पुलावर, तिथून परत. त्याची बायको शांती म्हणायची, "तुमच्या तळपायाला भोवरा आहे. कुणीतरी काम द्या हो या माणसाला." तर काम आज स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

हौसाबाय उलव्याच्या वाटेवरच्या मोठ्यापाड्याची. सायकलवर डाक वाटायचा तेव्हापासून आनंदा तिला ओळखायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकटी किशोरी पनवेलला झेरॉक्सचं दुकान चालवायची. थोरला शैलेश सहा वर्षांपूर्वी, दोन हजार सातमध्ये, अमेरिकेला गेला होता. गेला तेव्हा पाड्यानं बेंजो लावून त्याला नाचत नाक्यापर्यंत सोडलं होतं आणि वेशीवर त्याच्या फोटोचा बॅनर वर्षभर फडफडत होता. तिथून दर तीन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं, किशोरीच्या दुकानाच्या पत्त्यावर. आईला फोन ऐकू येत नाही, म्हणून पत्र. ती निरक्षर, म्हणून वाचायची किशोरी. आणि आई बहिरी, म्हणून वाचायचं ते ओट्यावर बसून, कानाशी तोंड नेऊन, घसा फोडून. त्यामुळे अमेरिकेतल्या डेलावेअर नावाच्या चिमुकल्या राज्याची डोव्हर ही राजधानी पाड्यावरच्या बकऱ्यांनासुद्धा पाठ होती.

"कधी लक्षात आलं?" आनंदानं कानाशी वाकून विचारलं.

"आज सकालीच. आज वकिलाकडं न्यायची व्हती मी ती पत्रां. सोमवारी कँप हाय ना!"

नव्या विमानतळासाठी जमिनी घेतल्या जात होत्या तो काळ. शेत आणि मिठागर देणाऱ्यांची संमती घ्यायला सोमवारी पाड्यावरच्या शाळेत साहेब येणार होते. आणि गेल्या आठवड्यात हौसाबायच्या दिरानं, तुळशीरामनं, एक कागद पुढे केला होता. इंग्रजीत टाइप केलेला, शिक्का मारलेला, डोव्हरहून आलेला. शैलेशनं त्यात लिहिलं होतं, की माझ्या वाट्याच्या बदल्यात मिळणारा प्लॉट काकांच्या नावे करावा.

"माजा पोर असा लिवणार नाय," हौसाबाय म्हणाली. "म्हून मी म्हटला, वकिलाला दोनी सह्या दाखवीन. काल ओट्यावर सगल्यांच्या म्होरं म्हटला. आन् आज पत्रां गेली."

"ट्रंकेचं कुलूप?"

"लावल्याला हाय. चावी देवामागं, खिल्याला. घरातल्या सगल्यांना ठाव."

मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि तंबाखूच्या पुडीखालून एक चुरगळलेलं पाकीट काढलं.

"तेवीस गेली. ह्या चोविसावा माज्याजवल व्हता. चोराला ठाव नवता."

आनंदानं पाकीट हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि त्याचा चेहरा बदलला. शांतीनं ते पाहिलं.

२

लाल-निळ्या काठाचं विमान-टपालाचं पाकीट. वर अमेरिकन तिकीट, अस्सल. तिकिटावर पोस्टाचा काळा शिक्का, तोही अस्सल. फक्त शिक्क्याची गोलाई तिकिटाच्या कडेला येऊन तुटली होती. पाकिटाच्या कागदावर शाईचा ठिपका नाही.

पस्तीस वर्षांत आनंदानं हजारो शिक्के मारले होते. शिक्का तिकिटावर पडतो तेव्हा अर्धा कागदावर उतरतोच. नाहीतर तिकीट सोडवून पुन्हा वापरतील लोक. इथे वापरलेलंच तिकीट कुणीतरी पाकिटावर चिकटवलं होतं.

पत्रात शैलेश लिहीत होता: "आये, इथे समुद्राला लागून पांढऱ्याशुभ्र खडूचे कडे आहेत. त्यावर उभं राहिलं की खाली पलीकडच्या देशाला जाणाऱ्या बोटी दिसतात. तुझ्या माहेरच्या मोरा बंदराची आठवण येते."

हे वाक्य हौसाबायला तोंडपाठ होतं. ती उरणच्या कोळ्यांची लेक. पोरगा समुद्राकाठी आहे, एवढ्यावर तिनं सहा वर्षं काढली होती.

आनंदाला मात्र पोस्टातली एक जुनी भानगड आठवली. डोव्हर दोन आहेत. एक अमेरिकेत, एक इंग्लंडात. पत्त्यात देशाचं नाव लिहायचं राहिलं म्हणून एकाचं पाकीट इंग्लंड फिरून परत आलं होतं आणि त्यानं खिडकीवर आनंदाचं डोकं खाल्लं होतं. तरी खात्री केलेली बरी. तो तसाच उठून नवीन पनवेलच्या सायबर कॅफेत गेला. तिथल्या मुलीनं फोटो काढून दिले. विटांची जुनी घरं, मधोमध झाडांचं मैदान, भोवती सपाट शेतं. समुद्र काही मैलांवर. कडा सोडा, धड टेकडीसुद्धा नाही. शहराला लागून लष्कराचा मोठा विमानतळ.

"आणि पांढरे कडे?"

"ते इंग्लंडच्या डोव्हरला, काका. हे बघा."

बाहेर येऊन आनंदा रस्त्यावर उभा राहिला. भरावाची माती घेऊन डंपरमागून डंपर उलव्याकडे चालले होते. धुळीनं दुपार पिवळी झाली होती. पत्र लिहिणाऱ्यानं अमेरिकेचं डोव्हर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मग शैलेश कुठे होता? होता तरी का?

३

तुळशीराम ठाकूर पाड्यावर नव्या बंगल्याच्या पडवीत बसला होता. सत्तरीचा, उघडाबंब, अंगठ्या घातलेला. शेजारी त्याचा मुलगा प्रणित, हातात दोन मोबाइल.

"भाभीनं तुला धाडलाय का, पोस्टमन?" तुळशीराम म्हणाला. "बस. पत्रां मी चोरली म्हणतंय ना ती?"

"कुणी चोरली ते विचारायला आलोय, तुळशीरामशेठ."

"मी कनाला चोरू? मी तर म्हणतो, आणा ती पत्रां! ठेवा माज्या कागदाच्या बाजूला! सही जुलली नाय तर कागद फाडून टाकीन, म्हसोबाची आन!"

प्रणितनंही मान डोलावली. "उलट पत्रं गेली त्यात आमचंच नुकसान झालं, काका. मॅच झालं असतं ना, तर विषयच संपला असता. आता लोक आमच्यावर डाउट घेतात."

"कागद आला कसा?"

"कुरिअरनं. माझ्या ऑफिसवर. शैलेशदादाशी माझं बोलणं होतं अधूनमधून."

"फोनवर?"

"हो, फोनवर," प्रणित म्हणाला आणि एक मोबाइल उगाच दुसऱ्या हातात घेतला.

आनंदानं कागद मागितला. प्रणित कुरकुरला, पण तुळशीरामनंच आत जाऊन आणला. म्हाताऱ्याच्या वागण्यात आडपडदा नव्हता, हे आनंदानं मनात टिपलं. कागदावर खाली मराठीत सही होती: शैलेश ठाकूर. सहीखाली एक रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं.

खिशातल्या पत्रावरची सही त्यानं काढून पाहिली नाही. गरजच नव्हती. तिथेही तीच रेघ होती आणि तीच दोन टिंबं.

पाड्यावरून निघताना तो हौसाबायच्या घरी थांबला. "शैलेशचा एखादा जुना कागद आहे?" त्यानं तिच्या कानात विचारलं. तिनं देव्हाऱ्यातून दहावीच्या परीक्षेचं हॉल तिकीट काढलं. पोराचा मिसरूड फुटलेला फोटो त्यावर होता म्हणून जपलेलं. खाली सही होती. साधी, बुटकी अक्षरं. रेघ नाही, टिंबं नाहीत.

"प्रणितनं कधी तुमच्याकडून पत्र नेलं होतं का?"

"दिवालीला. बोलला, दादाला कार्ड धाडतो, पत्ता दे. झेराक्स काढून दुसऱ्या दिशी आणून दिला."

शेजारची जनी कुंपणापलीकडून ऐकत होतीच. ती म्हणाली, "काल हौसावयनी ओट्यावर बोलली ना, वकिलाकडं जातंय, तवा तुळशीरामशेठ हसला. प्रणितबी हसला. एक मानूस नाय हसला."

"कोण?"

जनीनं पदर तोंडाला लावला. "माना नको विचारू, बाबा. ती पोरगी माज्या लेकीसारखी हाय."

४

रात्रभर आनंदा कुशी बदलत राहिला. शांतीनं शेवटी हात जोडले. शुक्रवारी सकाळी दहाला तो पनवेल एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. किशोरी मशीनवर वाकलेली होती. तिशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळं.

"एक वही दे, दोनशे पानी. आणि पावती दे सही करून."

तिनं पावती फाडली, सही केली. किशोरी ठाकूर. खाली एक रेघ. रेघेखाली दोन टिंबं.

आनंदानं पावती काउंटरवर ठेवली. तिच्या बाजूला चोविसावं पत्र ठेवलं. त्याच्या बाजूला हॉल तिकीट.

किशोरीनं मशीन बंद केलं. दुकानात अचानक रस्त्याचा आवाज भरला.

"तुला वाटलं असेल, मी तुळशीरामशेठवर संशय घेईन," तो शांतपणे म्हणाला. "सगळा पाडा घेतोय. पण पत्रं आणि कागद शेजारी ठेवा म्हणून तो बोंबलतोय. चोर असं म्हणेल? त्या कागदावरची सही पत्रावरून उतरवलेली आहे, म्हणून ती पत्राशी जुळणारच. प्रणितनं दिवाळीत झेरॉक्स नेली ती त्यासाठी. पत्रं वकिलाकडे गेली असती तर ते दोघे जिंकलेच असते. मग पत्रं वकिलाकडे जाऊ नयेत असं कुणाला वाटेल? जो ती लिहितो त्याला. वकिलानं खऱ्या शैलेशची सही मागितली असती, की सगळं उघडं पडलं असतं."

"माणसाची सही बदलते, काका," किशोरी क्षीण आवाजात म्हणाली.

"वयाबरोबर बदलते, मान्य. पण बदलून बहिणीसारखी होत नाही. प्रणितनं खोटी सही केली, किशोरी. फक्त त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, की तो खोट्याचीच नक्कल करतोय."

ती स्टुलावर बसली. मग काउंटरखालून कागदांचं एक रिकामं खोकं ओढलं. त्यात तेवीस पाकिटं होती, दोऱ्यानं बांधलेली.

"जाळायला काडी ओढली होती. हात नाही झाला."

आनंदानं जो प्रश्न दोन दिवस जिभेवर धरला होता तो आता विचारला. "शैलेश जिवंत आहे ना?"

"आहे! आहे, काका!" ती एकदम म्हणाली आणि रडायला लागली.

५

शैलेश अमेरिकेला गेलाच नव्हता. एजंटनं दिलेल्या ऑफर लेटरवर डोव्हरच्या एका कंपनीचा पत्ता होता. डेलावेअर राज्यात कंपनी काढणं फार सोपं, म्हणून कागदावरच्याच कंपन्या ढिगानं असतात म्हणे. ही तर तिथल्या कागदावरसुद्धा नव्हती. व्हिसा खोटा निघाला. सहारच्या विमानतळावरूनच त्याला परत फिरवलं, आणि तो बॅग घेऊन बाहेर आला तेव्हा पाड्यावर बेंजोवाल्यांची जेवणावळ चालू होती.

"मला फोन केला त्यानं. म्हणाला, किशे, मी त्या बॅनरखालून परत कसा चालत येऊ? दोन महिन्यांत दुसरा व्हिसा करतो, तोवर सांभाळ. दोन महिने झाले, तीन झाले. आई जेवायची नाही. पोरगा पोचला की नाही, एवढंच विचारायची. मग मी पहिलं पत्र लिहिलं. तिकिटं फोर्टात फुटपाथवर मिळतात. डोव्हरचा फोटो लायब्ररीतल्या पुस्तकात होता."

"तो इंग्लंडचा होता."

"मला काय माहीत, काका? समुद्र होता त्यात. आई समुद्राचं ऐकून जेवली."

"आता कुठे आहे?"

"गुजरातला, एका बंदरावर. क्रेन चालवतो. कागदाचं परवा सांगितलं त्याला. म्हणाला, जाऊ दे प्लॉट, मी येत नाही." ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही आईला सांगणार?"

आनंदानं पत्रांचं पुडकं तिच्याकडे सरकवलं. "मी जन्मभर लोकांची पत्रं पोचवली. उघडून वाचून दाखवायचं काम माझं नव्हे. पण सोमवारी तो कागद साहेबांच्या टेबलावर गेला, तर तो खोटा आहे हे सांगणारा जगात एकच माणूस आहे. त्याला फोन लाव. मला दे."

फोन लागला. पलीकडे भोंग्यांचा आणि साखळ्यांचा खणखणाट होता. आनंदा पाच मिनिटं बोलला. पलीकडून एकच वाक्य आलं: "काका, आईला काय तोंड दाखवू?" आणि फोन बंद झाला.

शनिवारी तो लागला नाही. रविवारीही नाही.

६

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात सगळा पाडा लोटला होता. पंख्याला वीज नव्हती. बायका पदरानं वारा घेत होत्या. हौसाबाय पुढच्या बाकावर ताठ बसली होती, शेजारी किशोरी, पांढरीफटक. आनंदा बसलाच नाही. फाटकापर्यंत जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा. सातव्या फेरीला रस्त्यावर धुळीशिवाय काही नव्हतं.

शैलेश ठाकूरचं नाव पुकारलं गेलं. प्रणितनं कागद टेबलावर ठेवला.

आनंदा पुढे झाला. "साहेब, एक विचारू? प्रणित, हा कागद शैलेशनं स्वतः सही करून पाठवला?"

"हो. किती वेळा सांगू?"

"डोव्हरहून? तुझं त्याच्याशी बोलणं झालं? तो तिथेच आहे, याची खात्री आहे तुझी?"

"शंभर टक्के! गेल्याच आठवड्यात बोललो. तो अमेरिकेत आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. साहेब, हे लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. शाई वाळते न वाळते तोच व्हरांड्याच्या टोकाला गलका झाला. माणसं बाजूला सरली. मधून एक रापलेला, खुरट्या दाढीचा माणूस येत होता, खांद्याला रेक्झिनची पिशवी. बोरिवलीला बस दोन तास उशिरा पोचली होती, हे नंतर कळलं.

जनीच पहिली किंचाळली. "शैलेश आयला!"

प्रणितचं तोंड उघडं राहिलं. शैलेश टेबलापाशी आला. "साहेब, हा कागद मी पाहिलेलासुद्धा नाही. ही सही माझी नाही." त्यानं टेबलावरचं पेन घेऊन कोऱ्या कागदावर सही केली. बुटकी अक्षरं, रेघ नाही, टिंबं नाहीत. आनंदानं शेजारी हॉल तिकीट ठेवलं.

"पण हा... हा अमेरिकेत..." प्रणित चाचरला. तो शैलेशच्या कपड्यांकडे, पिशवीकडे, चपलांकडे बघत होता आणि त्याला काय ते उमजत होतं. पण बोलणार काय? हा डोव्हरला कधी नव्हताच असं म्हणावं, तर मग डोव्हरहून कागद कुणी पाठवला? आताच तर त्यानं शंभर टक्के लिहून दिलं होतं.

तुळशीरामनं मुलाकडे पाहिलं. मग टेबलावरचा कागद उचलला आणि उभा फाडला, आडवा फाडला. "म्हसोबाची आन घेतली व्हती मी," तो म्हणाला. "तू माना खोटा पाडलास, प्रणित." आणि काठी टेकत, कुणाकडे न बघता, चालता झाला.

इतक्यावर सगळं निभावलं असतं. शैलेश अमेरिकेहून सुट्टीवर आला, एवढं म्हणायचा अवकाश होता. किशोरी त्याच्याकडे डोळ्यांनी विनवत होती. पण हौसाबाय उठून पोराजवळ आली होती. तिनं त्याचे हात हातात घेतले, तळव्यांचे घट्टे अंगठ्यानं चाचपले, आणि ओरडून विचारलं, "कवा निंगालास तिथना?"

शैलेशनं एकदा सगळ्या पाड्याकडे पाहिलं. तिच्या कानात कुजबुजून काही सांगता येण्यासारखं नव्हतं. तो वाकला आणि सहा वर्षांचं सगळं एका दमात ओरडून बोलला.

"आये, मी अमेरिकेला गेलोच नाय! फसवला माना! मी गुजरातला होतो, क्रेनवर! लाजेनं आलो नाय! पत्रां किशीनं लिवली, तुज्यासाठी!"

कुणी हसलं नाही.

हौसाबाय म्हणाली, "गुजरात म्हंजे किती लांब?"

"एका रातीची बस, आये."

"एका रातीची?" तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सात समुद्र आडवे हायत म्हून मी गप बसले व्हते. एका रातीची वाट आसून तू आला नाय?"

तिनं त्याचे हात सोडले. साहेबांसमोर जाऊन अंगठा उठवला, शैलेशला खुणेनं सही करायला लावली, आणि दोन्ही पोरांकडे पाठ करून उन्हात एकटी घराकडे निघाली.

७

आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. शैलेश नोकरी सोडून घरी राहिला. पाड्यावर चार दिवस टवाळी झाली, मग डंपर, भराव, प्लॉट यांत लोक विसरले. किशोरी दुकानातून आनंदाला रोज फोन करायची. आई ताट वाढते, काका, पण तोंडाकडे बघत नाही. आनंदाला वाटे, आपण उगाच हे उकरलं. तो खाडीच्या पुलावर दिवसातून तीनदा जाऊ लागला.

नवव्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात ओळखीचा आवाज गरजला. हौसाबाय सुकटीची पिशवी घेऊन आली होती. शांतीनं पाणी दिलं. ती प्यायली, घाम पुसला, आणि आनंदाकडे बघून म्हणाली, "बोलले आज त्याच्याशी."

"काय बोललात?" आनंदानं कानाशी वाकून विचारलं.

"म्हटला, पावसाच्या आदी कौलां शाकारायची हायत. मी वर चढतंय, तू शिडी धर." ती थांबली. "तर माना खाली बसवला आन् सोताच चढला, मेला."